डीसी बंद करायचा का? आधी त्याला कोण काय विचारतंय ते बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कुठले ना कुठले शेठ विचारतातच, अहो आता सगळं क्लाउडवर असतं ना, मग हा डबा एसी लावून कशाला ठेवलाय खोलीत? डबा म्हणजे डोमेन कंट्रोलर, थोडक्यात डीसी, कंपनीतल्या सगळ्यांची लॉगिन आणि हक्क तपासणारा सर्व्हर. प्रश्नात चूक काही नाही, लाइट बिल त्यांना येतं, यूपीएसच्या बॅटऱ्यांचं कोटेशन त्यांच्याच टेबलावर जातं. गडबड आपल्या उत्तरात असते. अर्धे अॅडमिन म्हणतात एडी (अॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डीसीवर असलेली युजर आणि पीसींची नोंदवही) आता मेलं, सगळं एंट्रावर (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची लॉगिन सेवा) टाका, आणि उरलेले म्हणतात क्लाउड म्हणजे नुसता खर्च, आपला सर्व्हर आपल्या हातात बरा. मी भोसरी, चाकण आणि बाणेर-खराडीकडच्या छोट्या-मध्यम कंपन्यांचं काम बघतो, साधारण ४० ते ३०० माणसांच्या, आणि माझं मत असं झालंय की डीसी कधी बंद करायचा हे ना शेठ ठरवतो ना लायसन विकणारा, ते डीसीचा लॉग ठरवतो. तो वाचायचा कसा आणि वाचून झाल्यावर कुठल्या क्रमाने काय हलवायचं, एवढंच इथे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एंट्रा आयडी म्हणजे क्लाउडवर ठेवलेलं एडी नव्हे. २०२३ पर्यंत त्याचं नाव अॅझ्युर एडी होतं आणि त्या नावानेच सगळा घोळ घातला. एडी आलं विंडोज २००० सर्व्हरबरोबर, तेव्हा गृहीत असं होतं की माणूस, पीसी आणि सर्व्हर एकाच इमारतीत एकाच वायरला आहेत, म्हणून ते कर्बेरॉस (तिकीट देऊन ओळख पटवणं), एलडॅप (डिरेक्टरीला प्रश्न विचारणं) आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) बोलतं. एंट्रा बोलतं एचटीटीपीएसवरून सॅमल, ओऑथ वगैरे, म्हणजे वेबवरच्या लॉगिनच्या भाषा. त्यात ओयू (युजर-पीसी ठेवायचे कप्पे) नाहीत, ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींना एकदम लागणारे नियम) नाही, एलडॅपचं पोर्ट नाही. म्हणजे तुमचा जुना झेरॉक्सवाला कॉपियर थेट एंट्राला काही विचारूच शकत नाही, त्याला ती भाषाच येत नाही. मधे दुभाषी हवा असेल तर एंट्रा डोमेन सर्व्हिसेस नावाची वेगळी सेवा आहे, तिचे वेगळे पैसे पडतात आणि तिथे डोमेन अॅडमिनचे हक्क मिळत नाहीत.

आणि एडी मेलंय हे पण खरं नाही. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये एडीची नवी फंक्शनल लेव्हल (डीसींच्या सोयींची पातळी) आली, २०१६ नंतर पहिल्यांदा, डेटाबेसचं पान ८ केबीवरून ३२ केबी करायची सोय आली, आणि त्याचा सपोर्ट २०३४ पर्यंत आहे. कोपऱ्यात टाकलेल्या प्रॉडक्टवर कुणी एवढं काम करत नाही. हां, पण नवीन गमतीजमती सगळ्या एंट्राकडेच येणार हेही तितकंच खरं. त्यामुळे पुढची आठ-दहा वर्षं बहुतेक कंपन्यांत दोन्ही शेजारी शेजारी नांदणार, आणि त्यातला जमिनीवरचा भाग हळूहळू लहान होत जाणार असं धरून चाला.

माझी फजिती आधी सांगतो

भोसरीत एक कारखाना आहे, गाड्यांचे पार्ट बनवतात. तिथे मी ठरवलं की गुरुवारी डीसी बंद करून बघू, कोण ओरडतंय ते. पुणेकरांना सांगायला नको, एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, महावितरणही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतं, त्यामुळे कुणाला त्रास नाही. सकाळी बंद केला, दिवसभर एक फोन नाही. संध्याकाळी चहा पिताना मी एकदम खुश, म्हटलं हे तर फारच सोपं निघालं, राहू दे बंदच. शुक्रवारी सकाळी ७ ची शिफ्ट. हजेरीचं मशीन पंच घेतंय पण सर्व्हरला काही जात नाहीये, वजनकाट्याच्या पीसीवरून शेअर उघडत नाहीये म्हणून गेटवर ट्रकची रांग, आणि निम्म्या मशीनना आयपीच नाही कारण आयपी वाटणारं डीएचसीपी पण त्याच डब्यावर होतं आणि मी ते विसरलो होतो. गेटवरच्या काकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

सुट्टीच्या दिवशी कुणी ओरडलं नाही कारण ओरडायला कुणी नव्हतंच. बरं, मग चालू दिवशी अर्धा तास बंद करून बघावं म्हणाल तर तेही फसवं आहे. कर्बेरॉसचं तिकीट डीफॉल्ट १० तास चालतं. सकाळी ९ ला लॉगिन केलेला माणूस डीसी बंद असला तरी आधी उघडलेल्या शेअरवर आरामात काम करतो, लॅपटॉपचं लॉगिन तर कॅश्ड पासवर्डवर कितीही दिवस चालतं. म्हणजे अर्ध्या तासात सगळं ठीक वाटणार आणि खरा तमाशा दुसऱ्या दिवशी. म्हणून बंद करून बघणं हे शेवटचं काम. पहिलं काम लॉग.

लॉग कसा लावायचा

सगळ्या डीसींवर सिक्युरिटी लॉगची साइज वाढवा, डीफॉल्टला तो बघता बघता भरतो आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. मग चार ठिकाणी लक्ष ठेवायचं.

इव्हेंट ४७६८ आणि ४७६९ म्हणजे कर्बेरॉस. पहिल्यात कोण तिकीट मागतंय आणि कुठल्या आयपीवरून, दुसऱ्यात कुठल्या सर्व्हिससाठी. ४७६९ मधल्या सर्व्हिसच्या नावांची नुसती युनिक यादी काढली तरी विसरलेले दोन-तीन सर्व्हर सापडतात, माझ्याकडे एकदा असा एसक्यूएल सर्व्हर सापडला जो कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हता आणि त्यावर क्वालिटीवाल्यांचे सगळे रिपोर्ट चालत होते.

४७७६ म्हणजे एनटीएलएम, कर्बेरॉसच्या आधीची जुनी लॉगिन पद्धत. हा आकडा जितका मोठा तितकी तुमची जुनी अडगळ जास्त. आयपी टाकून शेअर उघडणारे लोक, जुना एनएएस (नेटवर्कवरचा फाइल ठेवायचा डबा), स्कॅन टू फोल्डर. हे तसंही लवकर सुधारावं लागणार आहे, मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एनटीएलएमला डेप्रिकेटेड यादीत टाकलंय आणि विंडोज ११ च्या २४एच२ मधून व सर्व्हर २०२५ मधून एनटीएलएमचं व्हर्जन १ काढूनच टाकलंय. नवीन लॅपटॉप आल्यावर जुना एनएएस उघडत नाही अशी तक्रार आली तर आधी इथे बघा, त्याच २४एच२ मध्ये एसएमबी सायनिंग (शेअरवरच्या देवाणघेवाणीवर सही) पण सक्तीचं झालंय.

तिसरं एलडॅप, आणि हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. डिरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये २८८७ हा इव्हेंट दिवसातून एकदा नुसता आकडा सांगतो, की बाबा २४ तासांत इतक्या जणांनी सही नसलेलं बाइंड (एलडॅपचं लॉगिन) केलं. कोणी केलं हे बघायला रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नॉस्टिक्सखाली १६ नंबरची एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स ही व्हॅल्यू २ करायची, की मग २८८९ यायला लागतात, त्यात आयपी आणि अकाउंट दोन्ही असतं. कॉपियर, फायरवॉलचं व्हीपीएन, एचआरचं सॉफ्टवेअर, एखादं ईआरपी, सगळे इथे उघडे पडतात. काम झालं की व्हॅल्यू परत ० करा नाहीतर लॉग भरून वाहतो.

चौथं विंडोजमध्ये नाही, फायरवॉल किंवा स्विचवर आहे. डीसीच्या आयपीकडे ५३, ८८, ३८९, ६३६, ४४५ या पोर्टवर कोण येतंय त्याची यादी काढा. डीएनएससाठी तर हाच सरळ मार्ग. सीसीटीव्हीचा एनव्हीआर, बायोमेट्रिक, शॉप फ्लोअरवरचा विंडोज ७ चा पीसी ज्याला हात लावायला मशीनवाला देत नाही, हे डोमेनमध्ये नसतात पण त्यांच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी डीसीचा आयपी डीएनएस म्हणून हाताने टाकून ठेवलेला असतो. वायफायला ८०२.१एक्स (प्रत्येकाचं वेगळं लॉगिन) असेल तर एनपीएसचे, म्हणजे ते लॉगिन तपासणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसचे, लॉग वेगळे बघा.

किती दिवस बघायचं? किमान एक पूर्ण महिना, आणि त्यात ११ आणि २० तारीख आलीच पाहिजे, कारण जीएसटीच्या तारखांना अकाउंटच्या मॅडम जे सॉफ्टवेअर आणि जो शेअर उघडतात तो एरवी कुणी उघडत नाही. पगाराचा दिवस यायला हवा. जमलं तर मार्चएंड पण, स्टॉकटेकिंगला वर्षातून एकदाच चालू होणारा एखादा लॅपटॉप असतोच.

यातून एक एक्सेल बनतं. कोण विचारतंय, काय विचारतंय, त्या वस्तूचा धनी कोण आहे, त्याला दुसरा मार्ग काय, आणि कधीपर्यंत. बस एवढे पाच कॉलम. हा एक्सेल शेठना दाखवला की क्लाउड की ऑन-प्रेम ही चर्चा आपोआप थांबते आणि हा एनएएस कधी बदलायचा यावर येते, जी चर्चा खरंच करण्यासारखी आहे. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत या यादीत फक्त सहा ओळी निघाल्या, डीसी चार महिन्यांत गेला. भोसरीच्या कारखान्यात एकसष्ट ओळी निघाल्या. दोघांना एकच सल्ला कसा देणार?

साफसफाई, मग सिंक

यादी बनत असताना दुसरीकडे एडी साफ करून घ्या, कारण पुढे एडीतली अकाउंट एंट्राला सिंक करायची आहेत, म्हणजे त्यांची प्रत तिकडे जात राहणार. घरातला कचरा नवीन फ्लॅटमध्ये कोण नेतं? सोडून गेलेले युजर शोधताना लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प बघतात सगळे, पण तो ९ ते १४ दिवस मागे असतो, म्हणून ९० दिवसांची रेघ मारा, आणि डिलीट नका करू, आधी डिसेबल करून महिनाभर ठेवा. डोमेनचं नाव डॉट लोकल असेल, आणि पुण्यात निम्म्या कंपन्यांत ते असतंच कारण तेव्हा सगळ्यांना तसंच शिकवलं होतं, तर खऱ्या ईमेल डोमेनचा यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) जोडून युजरना तो लावा. नाहीतर सिंक झाल्यावर सगळ्यांची लॉगिन नावं ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉमची होतात आणि मग सोमवारी सकाळी तुमचा फोन थांबत नाही. आयडीफिक्स नावाचं फुकट टूल आहे, ते डुप्लिकेट आणि चुकीची अॅट्रिब्यूट दाखवतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

सिंकला पासवर्ड हॅश सिंक घ्या, विषय संपला. लोक म्हणतात पासवर्ड बाहेर जातो, तर पासवर्ड जात नाही, हॅशचा पुन्हा हॅश करून जातो. पास-थ्रू ऑथेंटिकेशन घेतलं तर प्रत्येक लॉगिन तपासायला तुमच्या भोसरीच्या खोलीतला एजंट लागतो, म्हणजे इथे महावितरणने केबल जोडायला घेतली आणि यूपीएस दमला की नागपूरला कस्टमरकडे बसलेल्या सेल्सवाल्याचं आउटलुक बंद. क्लाउड घेतला कशाला मग? एडीएफएस (क्लाउडच्या लॉगिनसाठी स्वतःचे सर्व्हर चालवायची जुनी पद्धत) कुणी नव्याने लावत असेल तर त्याला हात जोडून थांबवा.

आता एक सेटिंग जे छोट्या कंपनीत शंभर टक्के चुकीचं असतं. एंट्रा कनेक्टमध्ये, म्हणजे सिंक करणाऱ्या टूलमध्ये, चुकून खूप अकाउंट डिलीट होऊ नयेत म्हणून मर्यादा असते, ती डीफॉल्ट ५००. तुमच्याकडे माणसंच १२०, मग ५०० ची मर्यादा काय कामाची, अख्खी कंपनी उडाली तरी ती हूं की चूं करणार नाही. ती १० वर आणा. हे मी शिकलो कसं तर एका ठिकाणी एकाने अकाउंट्सचा ओयू नीटनेटकेपणा म्हणून दुसरीकडे ड्रॅग केला, तो सिंकच्या बाहेर होता, आणि पुढच्या अर्ध्या तासात क्लाउडवरून आख्खं अकाउंट डिपार्टमेंट गायब. क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतं म्हणून वाचलो.

सिंकचा वेळ पण लक्षात ठेवा. पासवर्ड दर २ मिनिटांनी जातो, बाकी सगळं दर ३० मिनिटांनी. एचआरने कुणाला केबिनमध्ये बोलावून नारळ दिला आणि तुम्ही एडीत डिसेबल केलं, तर तो माणूस पार्किंगमध्ये उभा राहून मोबाईलवर मेल वाचत असतो. अशा वेळी दोन्हीकडे हाताने डिसेबल करा आणि एंट्रात सेशन रिव्होक करा, मग चहा.

डोमेन अॅडमिनची अकाउंट क्लाउडला सिंक करू नका. क्लाउडची ग्लोबल अॅडमिन अकाउंट वेगळी, ऑनमायक्रोसॉफ्टवालीच, एडीशी संबंध नसलेली. त्यातली दोन अडीअडचणीसाठी, सिक्युरिटी की लावून, कंडिशनल अॅक्सेसच्या (कुणी कुठून, कसं लॉगिन करायचं याच्या) नियमांतून वगळून, एक की शेठच्या तिजोरीत आणि एक दुसऱ्या जागी. सिंकचा सर्व्हर डीसीइतकाच मौल्यवान समजा, त्यावर टॅली टाकू नका. हसू नका, बघितलंय मी.

आधी लॅपटॉप, मग माणसं, सर्व्हर सगळ्यात शेवटी

लोक उलटं करतात. पहिल्याच दिवशी सर्व्हर क्लाउडला न्यायला बघतात कारण खोली रिकामी दिसायला हवी असते. माझा क्रम असा, नवीन येणारा प्रत्येक लॅपटॉप पहिल्या दिवसापासून एंट्रा जॉइन (थेट एंट्राला जोडलेला), डोमेन जॉइन (एडीला जोडणं) बंद. जुन्यांना हात लावायचा नाही, ते आपल्या मरणाने जातील. हायब्रिड जॉइनच्या (एकच मशीन दोन्हीला जोडायच्या) भानगडीत नवीन मशीनसाठी पडू नका, मायक्रोसॉफ्टच आता तसं सांगतं, आणि त्यात दोन्हीकडचे त्रास एकत्र मिळतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानिमित्ताने ज्यांनी मशीन बदलली आणि पुन्हा डोमेनलाच जोडली त्यांनी आयती संधी घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे सगळे एक प्रश्न विचारतात, की एंट्रा जॉइन लॅपटॉपवरून जुना फाइल सर्व्हर उघडेल का? उघडतो. युजर एडीतून सिंक झालेला असेल आणि लॅपटॉपला ऑफिसमधून किंवा व्हीपीएनवरून डीसी दिसत असेल तर तो गुपचूप कर्बेरॉस तिकीट घेतो, युजरला कळत पण नाही. फक्त पासवर्डऐवजी विंडोज हॅलोचा पिन किंवा बोट वापरलं तर क्लाउड कर्बेरॉस ट्रस्ट लावावा लागतो, तो एकदाच, पॉवरशेलच्या दोन-चार ओळी आणि इंट्यूनमध्ये (क्लाउडवरून मशीन सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) एक पॉलिसी. हे कळल्यावर निम्म्या लोकांची भीती जाते, कारण फाइल सर्व्हर हलवल्याशिवाय लॅपटॉप हलवता येत नाहीत असं त्यांनी धरलेलं असतं.

ग्रुप पॉलिसीचं काय? सगळ्या उचलून इंट्यूनमध्ये नेऊ नका. इंट्यूनमध्ये ग्रुप पॉलिसी अॅनालिटिक्स आहे, एक्सपोर्ट टाकला की काय जमतं काय नाही ते सांगतं. पण त्याआधी स्वतः वाचा. भोसरीला ४० च्या वर जीपीओ (ग्रुप पॉलिसीचे संच) होते, त्यातले निम्मे इंटरनेट एक्सप्लोररचे होमपेज आणि कुणा जुन्या अॅडमिनने लावलेला वॉलपेपर. खरंच लागतात अशा बारा-पंधरा निघाल्या. लोकल अॅडमिन पासवर्डसाठी लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आहे, पासवर्ड एंट्रात ठेवायला सांगा. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) की पण तिकडेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटने जगभर निळे पडदे आले तेव्हा काही ठिकाणी बिटलॉकरच्या किल्ल्या एडीत आणि तो डीसीच निळा पडून बसलेला, म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच. किल्ल्या दोन जागी हव्यात.

लॅपटॉप गेले की माणसांकडे वळा. आता ग्रुप आणि युजर यांची मालकी एक-एक करून एडीकडून एंट्राकडे वळवायची सोय आलीय, आधी सगळं किंवा काहीच नाही असा मामला होता. म्हणजे ज्या माणसाचं एक्सेलमधल्या एकाही ओळीशी नातं उरलं नाही, त्याला क्लाउडचा करून टाकायचा. आधी ग्रुप करा, त्यातही मेलचे.

जो डीसी राहणार आहे त्याची काळजी

हे कंटाळवाणं आहे पण इथेच कंपन्या मरतात. २०१७ ला नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डीसी साफ केले होते, वाचला तो एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती. आपल्याकडे लाइट जाते हे खरं, पण त्याला बॅकअप म्हणू नका.

दोन डीसी, वेगवेगळ्या होस्टवर (व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, ज्यावर चालतात ती खरी मशीन). भोसरीत दोन्ही एकाच होस्टवर होते आणि मालक अभिमानाने सांगायचे आमच्याकडे दोन आहेत. सिस्टिम स्टेट बॅकअप, त्यातली एक कॉपी अशा ठिकाणी जिथे डोमेनचा पासवर्ड चालत नाही. १८० दिवसांपेक्षा जुना बॅकअप बॅकअप नाही, टूम्बस्टोनची (डिलीट झालेल्या ऑब्जेक्टच्या खुणेची) मुदत तेवढी असते, त्यापुढचा रिस्टोर केला तर मेलेली ऑब्जेक्ट भुतासारखी परत येतात. डीएसआरएमचा (डीसी रिस्टोर करायच्या खास मोडचा) पासवर्ड कुणाला माहीत आहे का ते आज विचारा, गरज पडेल त्या दिवशी नको. वर्षातून एकदा बंद नेटवर्कवर रिस्टोर करून बघा. सर्व्हर २०१६ वर डीसी असेल तर त्याचा सपोर्ट जानेवारी २०२७ ला संपतोय, आणि २०१२ आर२ वर असेल तर काय बोलणार, तो ऑक्टोबर २०२३ लाच संपला.

घड्याळ. कर्बेरॉस ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पीडीसी एम्युलेटरने (डोमेनचं मुख्य घड्याळ असलेल्या डीसीने) वेळ बाहेरून घ्यायची, बाकीच्यांनी त्याच्याकडून. आणि बाहेरून म्हणजे कुठून, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे टाइम सर्व्हर, किंवा त्यांच्याशी जुळणारे, असं स्पष्ट लिहिलंय. डीसी व्हीएम असेल तर होस्टकडून वेळ घेणं बंद आहे ना ते बघा, नाहीतर दोन घड्याळं भांडत बसतात.

त्याच निर्देशांत अजून दोन गोष्टी आहेत ज्या क्लाउडवर गेलेले लोक विसरतात. सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, भारतातच. एंट्राचे साइन-इन लॉग फुकटच्या लायसनवर ७ दिवस राहतात आणि पी१ या विकतच्या लायसनवर ३० दिवस. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही तर पाच महिन्यांचा खड्डा. डायग्नॉस्टिक सेटिंगमधून लॉग अॅनालिटिक्समध्ये किंवा स्टोरेज अकाउंटमध्ये पाठवा आणि रीजन निवडा सेंट्रल इंडिया, जो २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे भोसरीचा लॉग क्लाउडवर जाऊन परत पुण्यातच येतो, असो. पण यावरून शेठना आपली डिरेक्टरी पुण्यात आहे असं सांगू नका, एंट्रा रीजन निवडून घेता येत नाही, टेनंट (एंट्रातलं कंपनीचं खातं) बनवताना जो देश दिला त्यावरून डेटा कुठे राहतो ते ठरतं, ते अॅडमिन सेंटरमध्ये डेटा लोकेशनखाली लिहिलेलं असतं.

क्लाउड बंद पडला तर? पडतो. १५ मार्च २०२१ ला अॅझ्युर एडी काही तास आडवं होतं, एक सायनिंग की जी ठेवायची होती ती काढली गेली म्हणून. त्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसतं, फक्त वाट बघायची. म्हणून शॉप फ्लोअर ज्यावर चालतं त्या गोष्टींना, वजनकाटा, गेट, मशीनचे पीसी, मी क्लाउडवर अवलंबून ठेवत नाही, त्यांना लोकल अकाउंट किंवा उरलेला छोटा डीसी. ऑफिसवाले अर्धा दिवस गप्पा मारतील, लाइन थांबली तर शेठ मला थांबवतील. आणि इंटरनेट दोन कंपन्यांचं घ्या, पण दोन्ही केबल एकाच खड्ड्यातून येत नाहीत ना ते विचारा, पावसाळ्याआधी रस्ता खोदणारा जेसीबी कंपनी बघत नाही.

पैशाचं थोडक्यात. विंडोज सर्व्हर आणि कॅल (तो वापरणाऱ्या युजर किंवा मशीनचं लायसन) एकदा घेतलं की पाच-सात वर्षं बघायचं नाही, क्लाउड दर माणशी दर महिना. ३०० माणसांच्या आत असाल तर बिझनेस प्रीमियममध्ये एंट्राचं पी१ आणि इंट्यून दोन्ही येतं, वेगवेगळं घेण्यापेक्षा ते बरं पडतं. सगळ्यांना द्यायची गरज नाही, शॉप फ्लोअरच्या माणसाला मेलच नसेल तर त्याला कशाला, पण कंडिशनल अॅक्सेस ज्यांना लागू आहे त्यांना लायसन हवंच. जिथे सगळे ब्राउझरमध्येच काम करतात, विंडोज मोजकं, तिथे गूगल वर्कस्पेस पुरतं. सांबा ४ हे लिनक्सवरचं फुकट सॉफ्टवेअर डीसी म्हणून चांगलं चालतं, मी एका ठिकाणी चालवतो, पण तुम्ही गेल्यावर ते कोण बघणार याचं उत्तर असेल तरच.

शेवटचा डीसी बंद करताना

एक्सेल रिकामं झालं असेल तरच इथे या. डीएचसीपी आणि डीएनएस फायरवॉलवर खूप आधी हलवलेलं असावं, आणि डोमेनमधली मशीन शिल्लक असेपर्यंत फायरवॉलवर त्या डोमेनपुरते प्रश्न डीसीकडे पाठवणारा कंडिशनल फॉरवर्डर ठेवावा. मग कामाच्या दिवशी, मंगळवारी वगैरे, गुरुवारी नाही, आदल्या रात्री डीसीचे व्हीएम शटडाउन करायचे. डिमोट (डीसीपण काढून टाकणं) नाही, नुसते बंद. सकाळी ७ च्या शिफ्टला तुम्ही स्वतः गेटवर. पूर्ण दोन दिवस बघा म्हणजे १० तासांची तिकिटं संपून जातात. कुणी ओरडलं तर पाच मिनिटांत परत चालू, एक्सेलमध्ये नवीन ओळ, पुढच्या महिन्यात पुन्हा. ओरडलं नाही तर पुढची ११ आणि २० तारीख जाऊ द्या.

त्यानंतर डिरेक्टरी सिंक टेनंटवरून बंद करायचं. त्याला ७२ तासांपर्यंत लागू शकतात आणि मधे थांबवता येत नाही, म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी करू नका. पासवर्ड हॅश सिंक असेल तर लोकांचे तेच पासवर्ड पुढे चालतात, नसेल तर सगळ्यांचे नवीन द्यावे लागतात.

बाणेरला हे सगळं होऊन गेलं, खोलीत आता कॅरम आहे. भोसरीत एकसष्टपैकी सध्या चौदा ओळी उरल्यात, त्यात तो वजनकाटा आहे, ज्याचं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस फोन उचलत नाही, आणि दोन छोटे डीसी आता दोन वेगळ्या होस्टवर निवांत चालू आहेत. गेटवरचे काका मी दिसलो की अजून विचारतात, आज काय बंद करायला आलात का?